चार गिअर मागे, एक पुढे

भागोजी शितपांच्या गाडीला तिसरा गिअर होता, पण तो राहायला तयार नव्हता. टाकला की थोडा वेळ गप्प बसायचा आणि जरा चढ लागला की खट्टकन बाहेर. लग्नघरात रुसलेला मामा असतो ना, तसला प्रकार. हाताला धरून बसवायचा, समजूत काढायची, आणि पाठ वळली की हा पुन्हा दारात उभा.

गाडी म्हणजे डिझेल पिकअप. पुढे जीपचं तोंड, मागे उघडा हौदा. कचेरीत हेडक्लार्क असलेल्या माणसाने स्कूटर घ्यावी, असा रत्नागिरीत तेव्हा रिवाज होता. पण भागोजींचा स्वतःच्या अकलेवर फार भरवसा. स्कूटर काय, कोणीही घेतो! मुंबईहून आलेल्या एका कंत्राटदाराने विकायला काढलेली ही सेकंडहँड पिकअप त्यांनी बघितल्याबरोबर घेतली, आणि आळीत सांगितलं, "गाडी घ्यायची तर हौद्याची." हौद्यात काय घालायचं ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. मोठ्या माणसांचं असंच असतं, आधी निर्णय, मग कारण.

तिसऱ्या गिअरवर त्यांनी पहिला उपाय स्वतःच शोधला. गिअरचा दांडा डाव्या मांडीने दाबून धरायचा. एकटे असताना ते जमायचं. पण शेजारी विमलाबाई बसल्या, की नवऱ्याची मांडी दुखेल म्हणून त्या दोन्ही हातांनी दांडा गच्च धरून बसायच्या. बघणाऱ्याला वाटे, गाडी बाईच हाकतायत आणि भागोजी नुसते चाकाशी खेळतायत. बाजारात एकाने तसं तोंडावर विचारलंसुद्धा. हेडक्लार्कच्या काळजाला ते लागलं.

मग आळीचे सल्ले सुरू झाले. फुकट सल्ल्याला रत्नागिरीत कधी तोटा पडलेला नाही. कोणी म्हणे गाडी विका, कोणी म्हणे दृष्ट काढा. शेजारचा विठू मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळायचा, म्हणजे आळीतला त्या विषयातला अधिकारी माणूस. त्याने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि निकाल दिला.

"भाऊनू, हिला मुशीचा तेल घाला. आमी होडीला लावतो ना, ता. खाऱ्या पाण्यात लाकडाला काय होत नाय, तर तुमच्या लोखंडाला काय होणार हाय?"

मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या तेलाने लाकूड टिकतं हे खरं, पण होडीला गिअर नसतात हा साधा मुद्दा त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आला नाही. विठूने आणलेलं डबाभर तेल गिअरबॉक्समध्ये गेलं. आणि काय सांगायचं, तिसरा गिअर बसला की! भागोजी दोन दिवस छाती काढून फिरले. मग तेल तापायला लागलं.

तो वास असा होता, की गाडी मारुती मंदिराशी पोचायच्या आधी बातमी पोचायची. आळीतली मांजरं ओळीने मागे यायला लागली. कचेरीखाली गाडी उभी केली तर वरच्या मजल्यावर साहेबांनी शिपायाला विचारलं, "आज डब्यात कोणी काय आणलंय रे?" भागोजी त्या दिवशी दुपारभर फायलीत डोकं घालून बसले. वर त्याच संध्याकाळी घरच्या चढावर तिसरा गिअर पुन्हा बाहेर आला. मांजरं मात्र राहिली.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मध्ये धोंडूतात्या आले.

धोंडूतात्या म्हणजे विमलाबाईंचे वडील. हातखंब्याच्या आत त्यांचं गाव. गावच्या नमनात मृदंग तात्यांचा. नमन म्हणजे आधी गणपती नाचून जायचा, मग लुगडी नेसलेल्या पुरुषांच्या गवळणी यायच्या, मग काळा पोशाख, उंच टोपी आणि लांब जीभवाला संकासूर धुडगूस घालायचा, आणि ह्या सगळ्यांना नाचवायचे ते तात्या. अख्खं आयुष्य त्यांनी अंगणात, खळ्यात, देवळापुढे वाजवलं. त्या साली रत्नागिरीत एका मंडळाने नमनाची स्पर्धा लावली, तीही थिएटरात. खरं स्टेज, खरा पडदा.

तात्या लेकीकडे आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "विमल, बोटा आखडली गो. आता होत नाय. एकदा पडद्याच्या मागं बसून वाजवायचा हाय, मग मृदंग खुंटीला लावला म्हणून समज."

विमलाबाईंना रडू आलं. त्यांनी वडिलांना कधी काही सोडताना बघितलंच नव्हतं. विडीसुद्धा नाही.

भागोजी तिथेच उभे होते. आता, जावई आणि सासरे यांचं कधी उघड भांडण नव्हतं. पण गावात कोणी विचारलं, "जावई काय करतात?", तर तात्या सांगायचे, "बसतात." तात्यांच्या हिशेबी खुर्चीवर बसून करायचं ते काम नव्हे. इतकी वर्षं भागोजींनी ते गिळलं होतं. आता संधी आली होती. ते ताडकन म्हणाले, "तात्या, सगळं नमन माझ्या गाडीतून. तुम्हाला थिएटरच्या दारात उतरवीन. शब्द आहे माझा!"

तात्यांनी अंगणातल्या गाडीकडे बघितलं. बॉनेटवर तीन मांजरं बसली होती.

"बरा," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी गाडी हातखंब्याला रघू मिस्त्रीकडे गेली. रघूचं गॅरेज तिठ्याजवळ, महामार्गाला लागून. मुंबईहून गोव्याला जाणारी गाडी तिथे बिघडली, की रघूला ती आपल्या पुण्याईने बिघडली असं वाटायचं. त्याने गिअरबॉक्स खाली काढला, मुशीच्या तेलाचा वास घेतला, आधी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला आणि मग म्हणाला, "ह्या डब्यात राम नाय. पोफळी गावात एक जुनी जीप तोडलीय, तिचा गिअरबॉक्स आणतो. तुमच्याला तीन गिअर, त्याला चार. एक वाढून मिळेल."

दुरुस्तीबरोबर बढतीही! भागोजी जागच्या जागी खूश. पण क्लार्कचा पिंड पडला. गाडीला गिअर वाढवायला सरकारी परवानगी लागते का, ते विचारायला ते रजा टाकून गाड्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या क्लार्कने चष्मा वर केला. "रंग बदलायचा असेल तर अर्ज आहे. गाडी मोडीत काढायची असेल तर अर्ज आहे. गिअर वाढवायचा अर्ज नाही."

"मग मी काय करू?"

"वाढवू नका. किंवा वाढवा, पण आम्हाला विचारू नका."

हेच उत्तर भागोजी स्वतः रोज लोकांना देत आले होते. खिडकीच्या ह्या बाजूने ते फार उद्धट वाटलं.

पोफळीचा गिअरबॉक्स आला, बसला. इतक्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मिस्त्री लोकांचं एक वाक्य असतं, ज्याने आजवर अनेक सुखी संसार धुळीला मिळवलेत. रघू ते बोलला.

"आता उघडलंच हाय, तर मागचा गोळापण बघून घेऊ."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो. त्यात एक मोठं दात्यांचं चक्र. इंजिनाची ताकद तिथून चाकांना मिळते. रघूने तो उघडला, धुतला, ग्रीस लावलं आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी बसवायला घेतला. गाडी दक्षिणोत्तर उभी. भागोजी देखरेखीला. आणि तात्या तिथेच खोक्यावर बसलेले, कारण गावची मंडळी दुपारी तिथूनच गाडीत चढायची होती.

रघूने चक्र उचललं, तसे तात्या खेकसले, "अरे, दात कुठल्या दिशेला करतोस?"

"इकडं," रघू म्हणाला. "पश्चिमेला."

"देवाच्या कामाला निघालेली गाडी, आणि तिची वस्तू पश्चिमेकडं तोंड करून बसवतोस? घरात देव असा मांडशील काय? पूर्वेला कर."

आता रघू असला मिस्त्री तरी माणूस त्याच मातीतला. त्याने देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कधी नवीन पाना वापरला नव्हता. त्याने चक्र उलटंपालटं करून बघितलं. "बसेल हो. तसा पण बसेल." आणि भागोजींकडे पाहिलं.

भागोजींना काही ते पटलं नव्हतं. पण स्पर्धेच्या दिवशी सासऱ्याला नाही म्हणायचं? त्यांनी मान डोलावली. दात पूर्वेकडे बसले. तात्यांनी वर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, गोळा बंद झाला.

दुपारी मंडळी आली ती सोंगं रंगवूनच. गणपती झालेला शिवा तर मुखवटा चढवून. त्या गावची रीतच अशी, की देवळापुढे गाऱ्हाणं घालून गणपतीचा मुखवटा एकदा चढला, की नमन पार पडेस्तोवर उतरत नाही आणि मुखवट्यातला माणूस बोलत नाही. देव काय गप्पा मारतो? सगळे हौद्यात चढले. संकासुराने टोपी सांभाळली, गवळणींनी निऱ्या सावरल्या, तात्या मृदंग मांडीवर घेऊन मधे बसले.

भागोजींनी पहिला गिअर टाकला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. त्यांनी विजयी मुद्रेने क्लच सोडला आणि गाडी सूं करून मागे गेली, ती थेट रघूच्या जुन्या टायरांच्या राशीत.

"रिव्हर्स पडला वाटतं," भागोजी म्हणाले. त्यांनी दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागे. तिसरा, चौथा, सगळे मागे. शेवटी रिव्हर्स टाकला, आणि गाडी कण्हत कण्हत पुढे निघाली.

रघू कपाळाला हात लावून बसला. "दात फिरवले ना आपण. सगळाच उलटा झाला. चार गिअर मागं, एक पुढं."

"मग उघड आणि सरळ कर!"

"उद्या दुपारपर्यंत करतो."

आणि स्पर्धा चार वाजता! एसटी नुकतीच गेलेली, पुढची कधी येईल ते देव जाणे. रस्त्यावरच्या दोन ट्रकांना हात केला तर आत पेट्या कोंबलेल्या. पुढे जाणाऱ्या त्या एकुलत्या गिअरात गाडी अशी चालायची, की शेजारून जाणारी म्हैस तिला मागे टाकून गेली.

तात्या हौद्यात खाली मान घालून बसले होते. आपल्यामुळे हे झालं हे त्यांना कळलं होतं. ते नुसते मृदंगाच्या वादीवरून बोट फिरवत होते. एवढं म्हणाले, "ऱ्हाऊ दे. नशिबात नाय पडदा."

भागोजींना ते सहन झालं नाही. हा माणूस आपल्याला आयुष्यभर "बसतात" म्हणाला खरा, पण आज त्याचा चेहरा बघवत नव्हता. ते दाणकन दार लावून आत बसले. "तात्या, मी थिएटरच्या दारात उतरवीन म्हणालो होतो. तोंड कुठे करून, ते ठरलं नव्हतं. धरून बसा!"

आणि रत्नागिरीच्या रस्त्याला त्यांनी गाडीची पाठ लावली.

पहिली अडचण अशी, की मान वळवून मागे पाहावं तर हौदाभर सोंगं. गवळणींचे पदर आणि संकासुराची टोपी यापलीकडे काही दिसेना. हौद्याच्या टोकाला, म्हणजे आता सगळ्यांच्या पुढे, उभा होता गणपती. रस्ता नीट दिसत होता तो एकट्या त्याला. आणि त्याला बोलायला बंदी!

तेव्हा तात्यांनी सूत्रं हातात घेतली. "शिवा, तू सोंड हलव. जावयांनू, मी वाजवतो. डावी थाप ती डावीकडं, उजवी ती उजवीकडं. दोन्ही एकदम म्हणजे थांबा."

पहिल्याच वळणावर डावी थाप पडली. भागोजींनी चाक डावीकडे फिरवलं आणि गाडी काजूच्या झुडपात शिरली. तात्यांचं तोंड रस्त्याकडे, भागोजींचं उलट दिशेला. तात्यांचा डावा तो भागोजींचा उजवा. सासरा-जावयाचं इतकी वर्षं का पटलं नाही, ते त्या झुडपात उघड झालं. संकासुराने खाली उतरून गाडी ढकलली. "आजपासून तुमचा डावा तोच माझा डावा," भागोजी म्हणाले, आणि मान पार मागे वळवून बसले.

मग मात्र जमलं. गणपतीची सोंड हलायची, मृदंग बोलायचा, चाक फिरायचं. समोरून एसटी आली की संकासूर जीभ काढून हात हलवायचा आणि एसटी आपसूक कडेला व्हायची. दुसरा गिअर, मग तिसरा! तो पठ्ठ्या सटकला नाही हो, पोफळीचा होता. उतारावर तात्यांनी सलग बोल धरला, गवळणींनी गाणं उचललं. बांधावरच्या बाया हात जोडायला लागल्या. बरोबरच आहे, गणपती पुढे आणि मृदंग मागे अशी गाडी येताना बघून दुसरं काय करणार?

रत्नागिरी जवळ आल्यावर एका हवालदाराने हात आडवा केला. दोन्ही थापा पडल्या, गाडी थांबली. हवालदार आधी हौद्याशी आला, मग बॉनेटशी गेला, मग पुन्हा हौद्याशी.

"ही गाडी येतेय का जातेय?"

"जातेय," भागोजी रुबाबात म्हणाले.

"मग तोंड तिकडं का?"

"कायद्यात गाडीचं तोंड कुठे असावं ते दाखवा, मी फिरवतो."

हवालदार जरा गडबडला. पण त्याला दुसरं कलम सापडलं. "मालाच्या गाडीत माणसं कशी घातली? उतरा सगळे खाली!"

"माणसं कुठे आहेत?" भागोजी दार उघडून खाली उतरले. कचेरीतली सगळी वर्षं त्यांच्या आवाजात गोळा झाली. "नीट बघा. ह्या गवळणी, हा संकासूर, हा साक्षात गणपती. ह्यातल्या माणसाचं नाव सांगा, त्याला उतरवतो. आणि गणपतीला खाली उतरवायचं असेल तर तुम्ही उतरवा. आपल्याला बाबा तेवढी हिंमत नाही."

हवालदाराने वर बघितलं. गणपतीनेही त्याच्याकडे बघितलं, एकही शब्द न बोलता. ते बघणं फार झालं. हवालदाराने बूट काढले, भर रस्त्यात नमस्कार केला, बूट घातले आणि सायकलवर टांग मारून शिट्टी फुंकत पुढे निघाला. थिएटरपर्यंतचा रस्ता त्यानेच मोकळा केला.

पोचायला उशीर झालाच. कार्यवाह दारात उभे. "तुमचं नाव पुकारलं, तुम्ही नव्हता. पुढची मंडळी रंगायला बसली. आता काही होणार नाही."

पण मृदंग आत ऐकू गेला होता. बाहेर काहीतरी उलटं आलंय म्हणून एकेक करत सगळा प्रेक्षक उठून रस्त्यावर आला. कार्यवाहांनी मागे वळून बघितलं तर खुर्च्या रिकाम्या. परीक्षकसुद्धा गाडीच्या बॉनेटपाशी उभे राहून आता ही कुठून पुढे जाते ते बघत होते. "चला बाबांनो, लवकर चढा स्टेजवर," कार्यवाह म्हणाले, "म्हणजे लोक तरी आत येतील."

पडदा वर गेला. भागोजी विंगेत उभे होते, मान अजून डाव्या खांद्यावर वळलेली. ती सरळ व्हायला पुढे चार दिवस लागले. पण त्या वाकड्या मानेतूनही त्यांनी तात्यांची बोटं बघितली. ती आखडलेली नव्हती. मृदंग असा बोलला, की भागोजींचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. रघूच्या मते परीक्षकांना मृदंगातलं काही कळत नव्हतं.

रविवारी रघू हत्यारं घेऊन रत्नागिरीला आला, गोळा उघडून दात सरळ करायला. तात्या लेकीकडेच राहिले होते. भागोजींनी गाडीखाली गोणपाट अंथरलं, तोच तात्या ओटीवरून म्हणाले, "घाई हाय काय?"

"गाडी मागे जाते तात्या. दुरुस्त नको करायला?"

तात्यांनी मृदंग मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "खरा सांगू? पडद्यात काय मजा नाय. दिवे डोळ्यात, म्होरं नुसता काळोख. कोणासाठी वाजवायचा तेच कळंना. रस्त्यावर बरा होता. एक थाप चुकली असती तर तुमी सगळे व्हाळाच्या पाण्यात. तिथं वाजवला मी, जावयांनू. तसा आयुष्यात कधी वाजवला नव्हता." त्यांनी मांडीवरच्या मृदंगाची वादी ओढून ताणली. "पाली गावची माणसा आलेली काल. पुढच्या शिमग्याला नमन घेऊन या म्हणतात, पण त्याच गाडीतून, तसाच. मी बोललो, येतो. आता डावी-उजवी सांगायला मंडळीत दुसरा हाय कोण? मलाच जायला लागंल."

विमलाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच थबकल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. भागोजींना सगळं कळलं.

"रघू," ते म्हणाले, "चहा घे आणि हत्यारं गुंडाळ."

रघू गाडीखालून अर्धा बाहेर आला. "अहो पण, तुम्ही रोज कचेरीत कशाने जाणार?"

"चालत," भागोजी म्हणाले. "गाडी तात्यांना लागते."